समुद्राचं आपल्याले काय?

विदर्भातल्या माणसाने समुद्राची काळजी वाहू नये, हे मत आमच्या भागात इतके रुजले आहे की ते कोणाला मुद्दाम मांडावेही लागत नाही. कोकणातल्या वेळासला कासवाची पिल्ले पाण्यात सोडल्याचा व्हिडिओ मोबाइलवर येतो. पानठेल्यावर दोघे-तिघे मान वाकवून तो पाहतात, पिल्लू लाटेत शिरले की त्यांनाही बरे वाटते, आणि मग कोणीतरी म्हणतोच, “समुद्राचं आपल्याले काय?” इंझोरीत उभे राहून विचारला तर हा प्रश्न गैर वाटत नाही. वाशीम जिल्ह्यातले, मानोरा तालुक्यातले हे गाव. अलिबागकडे निघा, सुरतेकडे निघा की काकीनाड्याकडे, समुद्र सरळ रेषेत पाचशे किलोमीटरांच्या पुढेच. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी तो आयुष्यात पाहिलेला नाही.

शिकलेली मंडळी हाच प्रश्न जरा इस्त्री करून घालतात. त्यांचे म्हणणे असे: किनारा ज्यांचा, कासव त्यांचे. आम्ही ना ट्रॉलर चालवत, ना खारफुटी तोडत. शिवाय पर्यावरणपूरक जगणे हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. आमच्याकडे सोयाबीनला भाव नाही, कर्जाचे हप्ते थकलेत, तिथे कासवाचे कौतुक कोणाला? वरून अनुशेषाची फोडणी: धरणे त्यांना, रस्ते त्यांना, आम्हाला नुसते अनुशेषाचे आकडे, आता त्यांच्या कासवांची चिंताही आम्हीच करायची का? (यातले ‘त्यांना’ म्हणजे नेमके कोण, हे वेळास ज्या तालुक्यात आहे त्या मंडणगडातल्या माणसाला विचारून पाहा. अनुशेषाचे रडगाणे तो आपल्यापेक्षा वरच्या पट्टीत गाईल.)

या म्हणण्यातला राग खरा आहे. भूगोल मात्र चुकला आहे.

आमच्या पट्ट्यातले पावसाचे पाणी अडाण नदीत उतरते. अडाण यवतमाळ जिल्ह्यातून पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एक होऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. याच जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या डोंगरात निघणारी काटेपूर्णा उलट दिशेने अकोल्याकडे उतरते, पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवला तापीत जाते आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्रात. म्हणजे वाशीम जिल्ह्यात एका धारेच्या अलीकडे पडलेला पाऊस एका समुद्राचा आणि पलीकडे पडलेला दुसऱ्याचा. महाराष्ट्रात किनारा असलेले जिल्हे सात. पण दोन्ही समुद्रांना पाणी पाठवणारा आपला जिल्हा त्यांच्यात धरला जात नाही आणि आपणही स्वतःला धरत नाही.

यावर हुशार माणूस लगेच म्हणेल, ठीक आहे, पण इंझोरीचे पाणी पूर्वेला जाते. वेळास, गुहागर तर पश्चिमेला. तिथल्या कासवाशी आमचा संबंध कसा?

हा आक्षेप २०२५ च्या जानेवारीपर्यंत बऱ्यापैकी टिकला असता. पूर्वेची आणि पश्चिमेची ऑलिव्ह रिडले कासवे वेगवेगळी, आपापल्या बाजूला राहणारी, असाच समज होता. २७ जानेवारीला गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी अंडी घालायला आली. तिच्या परावर धातूचा बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. तो २०२१ मध्ये ओडिशात, गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर, भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या शास्त्रज्ञांनी लावलेला होता. बंगालच्या उपसागरातली ही बाई श्रीलंकेला वळसा घालून साडेतीन हजार किलोमीटरांची वाट तुडवत कोकणात बाळंत व्हायला आली. तिने १२० अंडी घातली, त्यांतून १०७ पिल्ले निघाली. त्याच्या दोन वर्षे आधी गुहागरहूनच उपग्रह-यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी उलट दिशेने, श्रीलंकेकडून बंगालच्या उपसागरात गेली होती. कासवांनी आपल्या नकाशात पूर्व-पश्चिम अशी वाटणी केलेली नाही. तेव्हा गोदावरीच्या मुखाशी जे बिघडते ते गुहागरला जाणवणारच नाही, असे आता छातीठोकपणे कोणाला म्हणता येणार नाही.

पण बिघडते म्हणजे काय बिघडते? इथे माझा वाद फक्त आक्षेप घेणाऱ्यांशी नाही, कासवप्रेमींशीही आहे. समुद्र आणि गाव यांचा संबंध सांगायचा म्हटले की ते एकच चित्र दाखवतात: कासवाच्या पोटातली प्लॅस्टिकची पिशवी. चित्र खोटे नाही. पण आमच्या भागापुरती मोठी गोष्ट पिशवीची नाहीच. ती रेतीची आहे.

ऑलिव्ह रिडलेची मादी चिखलात अंडी घालत नाही, खडकावर घालत नाही. तिला रेतीच लागते: भुसभुशीत, पण खड्डा ढासळू न देणारी, भरतीच्या रेषेच्या वरची. दीड फुटाचा खड्डा मागच्या परांनी उकरायचा, शंभराच्या आसपास अंडी सोडायची, वरून रेती लोटून पोटाने थापटून बसवायची आणि निघून जायचे. पुढचे पन्नासेक दिवस ती रेतीच त्या अंड्यांची आई. पिल्लू नर होणार की मादी, हेदेखील त्या रेतीच्या उष्णतेवर ठरते. आता ही रेती किनाऱ्यावर येते कुठून? पूर्व किनाऱ्यावर तिचा फार मोठा वाटा नद्यांनी वाहून आणलेला असतो. काकीनाड्यासमोरचे होप बेट गोदावरीने आणलेल्या रेती-गाळाचेच लांबट पट्ट्यासारखे रचले गेले, तेही गेल्या दीड-दोनशे वर्षांत. त्या बेटावर ऑलिव्ह रिडले अंडी घालते. त्याच्या आडोशाला काकीनाडा बंदर आहे, शेजारी कोरिंगाची खारफुटी आहे. या सगळ्याचा कच्चा माल वरून येतो. वरून म्हणजे कुठून, तर गोदावरीच्या सगळ्या खोऱ्यातून: नाशिकपासून आणि भंडाऱ्यापासून, मराठवाड्यापासून आणि आपल्यापासून.

आणि तो आता पुरेसा जात नाही. १९७० च्या दशकाशी तुलना केली तर १९९० च्या दशकात गोदावरीने समुद्राला दिलेला गाळ निम्म्याहूनही कमी झाल्याचे नोंदले गेले आहे. त्याच काळात मुखाजवळचा किनारा समुद्राने खाल्ला, खारफुटीची जमीन गेली. कारण सरळ आहे. अडाणवर धरण, पैनगंगेवर धरण, गोदावरीवर जायकवाडीपासून खाली एकामागून एक भिंती, शेवटी धवलेश्वरमचा बंधारा. पाणी थोडेफार निसटते, रेती आणि गाळ तळाशी बसतात. आपल्याकडे धरण गाळाने भरले म्हणून ओरड, तिकडे गाळ मिळत नाही म्हणून किनारा खचतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सरकारने २०१७ मध्ये आणली. ती शेताच्या सोयीची आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. पण गाळ कुठे अडकलाय हे तिच्या नावातच सरकारने कबूल केले आहे.

धरण पाडा असे मी म्हणत नाही. ज्याच्या वावरात कालव्याचे पाणी येते त्याला असे सांगणारा माणूस शहाणा नव्हे. मी बोलतो आहे धरणाच्या खाली जी उरलीसुरली रेती नदीत आहे, तिच्याविषयी. रात्री नदीपात्रात उतरणारे ट्रॅक्टर कोणाचे असतात हे गावाला माहीत असते. रेतीघाटाचा लिलाव झालेला असो वा नसो, ट्रॉल्या भरतच असतात. याला विरोध का करायचा, तर सरकारचा महसूल बुडतो म्हणून, असे आपल्याला सांगितले जाते. तहसीलदारांच्या कारवाईच्या बातमीतही तेवढेच छापून येते: इतके ब्रास रेती, इतका दंड. नदीपात्रातली रेती हा पाण्याचा साठा असतो, ती गेली की काठच्या विहिरी लवकर आटतात, ही गोष्ट त्या बातमीत नसते. आणि त्याच रेतीवर खाली कुठेतरी कासव, खारफुटी आणि मच्छीमारांची वस्ती उभी असते, हे तर कुठेच नसते. विहिरीसाठी जे करायचे तेच कासवासाठीही होते. वेगळे काही करावे लागत नाही. ‘चोचले’ म्हणणाऱ्याने ही गोष्ट आधी खोडून दाखवावी.

असाच एक दुवा ताटातला आहे. गोदावरीच्या खोऱ्यातला नदीतला झिंगा गोड्या पाण्यात वाढतो, पण त्याच्या पिल्लांना पहिले दिवस काढायला मुखाजवळचे मचूळ पाणी लागते. तिथून ती प्रवाहाच्या उलट वर चढतात. आडवा बंधारा आला की वरच्या बाजूच्या ढिवराच्या जाळ्यातून हा झिंगा हळूहळू नाहीसा होतो. समुद्राचा आपल्याशी संबंध नाही म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी त्या मचूळ पाण्याची चव रश्श्यात घेतलेली असते.

आता विषाकडे येऊ. सोयाबीन आणि कपाशीच्या दिवसांत वावराच्या धुऱ्यावर काय काय पडलेले असते ते पाहा. कीटकनाशकाची पांढरी बाटली, तिचे निळे-लाल झाकण वेगळे. तणनाशकाचा पाच लिटरचा डबा. बियाण्याची चकचकीत थैली. खर्ऱ्याची पन्नी, गाठ मारलेली, आत दोन सुपाऱ्या राहिलेली. फवारणी आटोपली की पंप नाल्याच्या डोहात बुडवून धुतात, कारण पाणी तिथेच असते. बाटली बाभळीच्या फांदीला अडकवून ठेवतात किंवा नाल्यात सोडून देतात. मग श्रावणातली झडी लागते, नाला दोन दिवस दुथडी भरून वाहतो आणि धुरा स्वच्छ होतो. त्याला आपण ‘वाहून गेलं’ म्हणतो. जिथे गेलं तिथल्या माणसाने त्याला ‘वाहून आलं’ म्हणावे, इतकाच फरक.

हे विष कासवापर्यंत जसेच्या तसे पोचते असा दावा मी करणार नाही. वाटेत शेकडो किलोमीटर, पाच नद्या, कितीतरी भिंती. अतिशयोक्ती करणाऱ्या पर्यावरणवाद्यांनी आपल्या बाजूचे फार नुकसान केले आहे. विष आधी कोणाला मारते हे सांगायला समुद्रापर्यंत जायची गरजही नाही. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. चौकशी झाली, गुन्हे दाखल झाले, सुरक्षा किट वाटले. नाल्यात पंप धुऊ नये, हा नियम कासवाने केलेला नाही. त्याच नाल्यावर जनावरे पाणी पितात. चोचले पोट भरलेल्यांचे असतात म्हणता, मग पाठीवर पंप घेऊन उपाशीपोटी फवारणाऱ्या मजुराचे फुप्फुस वाचवणे हे कोणाचे चोचले?

आता प्रतिपक्षाचा सगळ्यात मजबूत मुद्दा. तो असा की कासवे मारतात ती मोठ्या ट्रॉलरची जाळी. खर्ऱ्याच्या पन्नीने ती संपत नाहीत. बरोबर आहे. ऑलिव्ह रिडलेला हवेत श्वास घ्यावा लागतो. जाळ्यात अडकली की ती गुदमरून मरते. ओडिशाच्या किनाऱ्यावर दरवर्षी मेलेली कासवे मोठ्या संख्येने लागतात ती यामुळेच. त्यावर उपाय आहे: जाळ्याला बसवायची लोखंडी चौकट, जिच्या गजांतून कोळंबी मागे जाळ्यात जाते आणि कासव झडपेतून बाहेर सुटते. ती आपल्याकडे नीट वापरली जात नाही म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये भारतातल्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात थांबवली. म्हणजे दोष मुख्यतः तिकडचा आहे, हे मान्य. पण ‘मुख्य दोष त्याचा’ हे ‘माझा काही संबंध नाही’ याचे कारण होत नाही. यवतमाळच्या प्रकरणात औषध कंपन्याही हेच म्हणत होत्या: मुख्य दोष फवारणाऱ्याचा, त्याने तोंडाला कापड बांधले नाही. तेव्हा आपण चिडलो होतो. बरोबरच चिडलो होतो.

दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द. शहरातल्या दुकानात ‘पर्यावरणपूरक जीवनशैली’ या नावाने जे विकायला ठेवलेले असते, बांबूचा ब्रश, स्टीलची नळी, नारळाच्या करवंटीची वाटी, ते घेऊन कोणी आनंदात असेल तर माझी हरकत नाही. पण तो खरेदीचा छंद आहे, त्याला संवर्धन म्हणू नका. आणि त्याच्या उलट टोकाचा भाबडेपणाही नको, की खेड्यातला माणूस मुळातच निसर्गाच्या कुशीत राहतो, त्याला काय शिकवायचे. आमच्या आज्या चिंध्यांची वाकळ शिवत, कुटार जनावरांना घालत, राखेने भांडी घासत. त्यामागे समुद्राची काळजी नव्हती. चिंधी टाकून देण्याइतकी दुसरी चिंधी घरात नव्हती. टंचाई संपली तशी ती सवयही गेली. आज इंझोरीच्या किराणा दुकानात तीच पाच रुपयांची पाकिटे लटकतात जी पुण्यात लटकतात. फरक एवढाच की पुण्यात सकाळी कचऱ्याची गाडी येते.

या ‘गाडी’वरच माझे खरे बोट आहे. राज्याची प्लॅस्टिकबंदी २०१८ ची, केंद्राची एकदाच वापरायच्या वस्तूंवरची बंदी १ जुलै २०२२ ची. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी प्लॅस्टिक कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवरही टाकली आणि वेष्टन बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवरही. कीटकनाशकांचे नियम तर १९७१ चे. त्यांत स्पष्ट आहे की रिकामे डबे आणि धुवण पाणी दूषित न करता नष्ट करणे हे उत्पादकाचेही कर्तव्य आहे आणि वापरणाऱ्याचेही. डबे उघड्यावर ठेवू नयेत, फोडून वस्तीपासून लांब पुरावेत. निम्म्या शतकाहून जुना हा नियम. त्यातला ‘वापरणारा’ सगळ्यांना ठाऊक आहे, कारण शिबिरात त्यालाच बोलावून उपदेश करतात. ‘उत्पादक’ मात्र रिकामी बाटली न्यायला धुऱ्यावर आल्याचे कोणी पाहिलेले नाही. म्हणून मला गावाला अपराधी ठरवण्यात रस नाही. गावाने ही बाटली कोणाच्या दारात नेऊन ठेवायची, हा माझा प्रश्न आहे.

‘गरिबाला परवडत नाही’ याचेही उत्तर किनाऱ्यावरच आहे. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडांच्या पाहणीसाठी वेळासला गेले, तेव्हा त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. अंडी माणसे खात, विकत. उरलेली कुत्री आणि कोल्हे उकरत. वेळास तेव्हा काही श्रीमंत गाव नव्हते. मुंबईच्या मनीऑर्डरवर जगणाऱ्या कोकणी गावांसारखेच एक. संस्थेने व्याख्याने देऊन भागवले नाही. गावातल्याच पोरांना राखणीला घेतले, जाळीचे कुंपण घालून उबवणीची जागा केली, घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातल्या. मग कासव महोत्सव आला, पाहुणे आले, ते गावातल्याच घरांत उतरू लागले, त्यांच्या जेवणाचे पैसे त्याच घरात राहू लागले. अंडे विकण्यापेक्षा अंडे राखणे फायद्याचे ठरले, तेव्हा कासव वाचले. वेळासची भक्ती वगैरे नंतर आली. आमच्याकडे समुद्र नाही, महोत्सव भरणार नाही. पण विहिरीचे पाणी, मजुराचा जीव आणि नदीची रेती यांचा हिशेब त्याहून कमी रोकडा नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या शेजारी राहणाऱ्यांना तरी हे नवे नसावे: काळवीट पिकात शिरते, भरपाईला खेटे घालावे लागतात, आणि तरी तोट्याचा हिशेब मिटला की माणूस त्याला सुखाने चरू देतो.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींना जे अनुदान दिले, त्यातला साठ टक्के हिस्सा बंधित होता: निम्मा स्वच्छता आणि कचऱ्यासाठी, निम्मा पाण्यासाठी. म्हणजे ‘पैसेच नाहीत’ हेही सरसकट खरे नव्हते. गावागावांत त्यातून नाल्या झाल्या, काही ठिकाणी कचराकुंड्यांचे शेड झाले आणि शेडमध्ये सरपणही ठेवले गेले. रिकाम्या औषधाच्या बाटल्यांसाठी कुलूप लागणारी एक खोली, पंप धुवायला नाल्यापासून लांब एक ओटा आणि शोषखड्डा, आणि नदीपात्रातून रेती किती गेली याची गावाने ठेवलेली नोंद, एवढ्या तीन गोष्टी मागायला समुद्र पाहिलेला असण्याची अट नाही. १५ ऑगस्टची ग्रामसभा ऐन फवारणीच्या दिवसांत येते. ज्यांना हे सगळे चोचले वाटते त्यांनी त्या सभेला यावे, हे तीन विषय एकेक करून वाचले जातील तेव्हा उभे राहून विरोध नोंदवावा, आणि कोणाच्या विहिरीसाठी, कोणाच्या मजुरासाठी तो करत आहोत तेही तिथल्या इतिवृत्तात लिहून द्यावे.